लानच्या दोन मुली

तुम्हाला मुलं किती असावीत, हे कामाच्या जागेवरच्या एखाद्या बाईंनी कधी तुम्हाला सांगितलंय का? सल्ला म्हणून नव्हे. सल्ला तर आपल्याकडे शेजारीणही देते. मी म्हणते ते कार्डावर लिहून, वर शिक्का मारून.

मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या वसईला आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लाल त्रिकोण होता आणि खाली ‘दोन किंवा तीन पुरेत’ असं लिहिलेलं होतं. आम्ही सहा भावंडं. पप्पा रोज त्याच भिंतीला सायकल टेकवून मासे घ्यायला जायचे. ते लिहिलेलं आपल्यासाठी आहे, असं त्यांना कधी वाटलं नाही. सरकारने लिहिलं, आम्ही वाचलं, झालं.

त्यामुळे ओमानमध्ये, मस्कतजवळ रुसैलच्या शर्टांच्या फॅक्टरीत चिनी बायकांबरोबर काम करायला लागले, तेव्हा त्यांच्या घरच्या गोष्टी मला आधी खऱ्याच वाटेनात. मी तिथे चेकर होते. शर्ट टेबलावर पसरायचा, शिवण बघायची, सुटे दोरे कापायचे. कापलेले दोरे अंगाला चिकटतात. घरी आल्यावर बाहीवर एक सापडतो, केसात एक सापडतो. हे किस्से तसेच आहेत. मी गोळा केले नाहीत. चिकटून आले.

*

लान आली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. बरोबर तिच्याच गावच्या पंधरा-वीस जणी. सगळ्या एका सरकारी सूतगिरणीतल्या. ती गिरणी सरकारनेच बंद केली, म्हणून एजंटमार्फत इकडे आलेल्या. राहायला कंपनीचा कॅम्प, कामाला कंपनीची बस. आमची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, पाव इंग्लिश आणि बाकी हात. मी इथे मराठीत सांगते, कारण माझ्या डोक्यात ती मराठीतच राहिली आहे. ती मला ‘जेजे’ म्हणायची. म्हणजे मोठी बहीण.

कुडाळचे सावंत मास्तर आमचे कटिंग मास्तर. त्यांना माणसांची चौकशी केल्याशिवाय डबा गोड लागत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चिनी पोरींना ओळीने बसवून विचारलं, “भाऊ कितने? बहन कितनी?”

पहिली म्हणाली, झीरो. दुसरी, झीरो. तिसरी, मे नावाची वीस-एकवीस वर्षांची, तीही झीरो.

“अरे, हे काय शाळेतले मार्क आसत काय?” मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले. मग त्यांनी छातीला हात लावला. “हम नौ. फाइव्ह ब्रदर, फोर सिस्टर.”

मेने बोटांवर मोजलं. “नऊ? एकाच आईचे?”

“मग काय भाड्यान हाडले?”

मेने विचारलं, “भांडण झालं की कोण कोणाच्या बाजूला असतं?”

“ता रोज बदलता,” मास्तर म्हणाले. मी ते तिला हिंदीत सांगितलं.

मे म्हणाली, “माझ्या घरी आई-बाबा भांडले की दोन्ही बाजूंना मी एकटीच.”

मास्तरांनी डब्यातली तळलेली मासळी अर्धी तिच्या ताटलीत घातली. पुढे कोणाला काही विचारलं नाही.

*

कार्डाची गोष्ट लानने मला सांगितली ती कॉलर तपासताना. ती कॉलर लावायची, मी बघायची, त्यामुळे आमची टेबलं जवळ होती.

त्यांच्या गिरणीत एक ऑफिसरबाई होत्या. त्यांचं कामच ते. गिरणीतल्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईचं एक कार्ड त्यांच्याकडे असायचं. दर महिन्याला जायचं, तपासून घ्यायचं, कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. पहिलं मूल झालं की पुढे दुसरं नाही. सरकारी नोकरी असेल तर नाहीच. झालं तर नोकरी जाणार, नवऱ्याचीही जाणार, राहती खोलीही जाणार.

मी म्हटलं, “लान, तुला राग नाही आला त्या बाईचा?”

ती म्हणाली, “चांगली बाई होती. माझी मिन झाली तेव्हा अंडी घेऊन आली होती. लाल रंगवलेली. म्हणाली, लान, तुझं एक झालं, आता आराम कर.”

मग तिने गिरणी बंद झाल्याचा दिवस सांगितला. सगळ्यांना अंगणात बोलावलं. कोणीतरी कागद वाचून दाखवला. नवीन धोरण आहे, गिरणी तोट्यात आहे, सगळ्यांनी घरी जायचं. मग शेवटची सही करायला रांग लागली. लानच्या पुढे त्या ऑफिसरबाई उभ्या होत्या. त्यांचीही नोकरी गेली होती.

“त्यांच्या हातात आमच्या सगळ्यांच्या कार्डांचा गठ्ठा होता,” लान म्हणाली. “दिसेल त्याला विचारत होत्या, ही आता कुठे जमा करायची?”

*

वर्षातून दोनदा कंपनी रिजेक्ट माल कामगारांना स्वस्तात द्यायची. एखादं बटण वाकडं, कुठे डाग, असे कपडे. त्या वेळी लहान मुलींच्या फ्रॉकची ऑर्डर होती. निळ्या चौकटीचा फ्रॉक, कमरेला पट्टा.

लानने दोन उचलले. मी चेकर. माझी नजर आधी साइजच्या लेबलवर जाते, ती सवयच आहे. एक होता दहा वर्षांचा, दुसरा सहा वर्षांचा.

मी सहज म्हटलं, “तुझी एकच मुलगी ना? दहाची?”

“वाढेल ना ती,” लान म्हणाली.

“वाढेल गं. पण मागे कशी वाढेल?”

मी चेष्टेने बोलले होते. लानने सहाच्या साइजचा फ्रॉक घडी घालून परत ढिगात ठेवला. मग पुन्हा काढला. मग दोन्ही छातीशी धरून तशीच उभी राहिली. मागे रांग खोळंबली होती. बायका यल्ला यल्ला, चला चला करत होत्या. मी दोन्ही फ्रॉक तिच्या पिशवीत घातले.

*

तिने सांगितलं ते आमच्या अझैबाच्या घरी, ख्रिसमसच्या दिवशी. माझे मिस्टर हॉटेलात स्टोअरकीपर, त्या दिवशी त्यांना ड्युटी. मुलगी रीना टीव्हीपुढे. लान स्वयंपाकघरात माझ्याबरोबर करंज्यांना मुरड घालत होती. कधी केल्या नव्हत्या, पण तिची मुरड माझ्यापेक्षा सुबक. हातात शिवणच होती तिच्या.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा तिने ठरवलं होतं, हे मूल जाऊ द्यायचं नाही. तिच्या भावाचं घर दूर खेड्यात. त्याच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. सगळ्यांनी मिळून ठरवलं, मूल भावाच्या नावावर लागेल. त्यांचा एका मुलाचा नंबर रिकामाच होता.

पण गाव बघणार. म्हणून लानने वहिनीसाठी पोटावर बांधायच्या उश्या शिवल्या. कापूस गिरणीतलाच.

“चार उश्या,” लानने करंजीचं पीठ लागलेली चार बोटं दाखवली. “पाचव्या महिन्याची, सहाव्याची, सातव्याची, मग शेवटची मोठी. बंद मागून बांधायचे, म्हणजे वाकलं तरी सरकणार नाहीत. माझं पोट बघून माप घ्यायची. माझं वाढलं की तिचं वाढवायचं.”

लान आजारपणाची रजा काढून त्यांच्या मागच्या खोलीत राहिली. चार महिने बाहेर पडली नाही. वहिनी मात्र रोज पोट घेऊन बाजारात जायची. गावातल्या बायका तिला जपून चाल म्हणायच्या.

मी विचारलं, “आणि गिरणीतलं कार्ड?”

“कार्डावर दर महिन्याला शिक्के आहेत,” लान म्हणाली. “मी नव्हतेच तिथे.”

मला अंडी आणणाऱ्या त्या ऑफिसरबाई आठवल्या.

बाळ झालं. मुलगी. निंग नाव ठेवलं. आठव्या दिवशी लान कामावर परत गेली. निघताना बघितलं तर वहिनीने ती शेवटची मोठी उशी टाकून दिली नव्हती. बाळाला तिच्यावरच झोपवलं होतं.

“ज्या नोकरीसाठी मी निंगला ठेवून आले,” लान म्हणाली, “ती नोकरी सहा वर्षांनी गेली, जेजे.” आणि करंजी मुडपायला लागली.

*

एकदा माझ्या हातून मोठी चूक झाली. ईदच्या आधी अर्बाबने, म्हणजे आमच्या ओमानी मालकांनी, कामगारांच्या मुलांना भेटवस्तू द्यायचं ठरवलं. मुलं इथे असोत की देशात, प्रत्येक मुलामागे एक पाकीट. वह्या, रंग, खजुराचा डबा. माझं अक्षर बरं म्हणून यादी माझ्याकडे आली.

मी लानच्या नावापुढे दोन लिहिलं. मला वाटलं, इथे कोण बघतंय, निंगला पण रंग मिळतील. माझ्या डोक्यात आलंच नाही की चिनी बायकांची यादी आधी त्यांच्या लीडरबाईंकडे जाणार. चेनबाई. त्यांच्याच गिरणीतल्या. कडक बाई. चिनी एजंटला सगळे रिपोर्ट त्याच द्यायच्या.

लानला कळलं तेव्हा तिचा चेहरा शर्टासारखा पांढरा झाला. नवरा तिथे अजून सरकारी ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याची नोकरी जाईल, भावावर खोटं नाव लावल्याची केस होईल, निंगचं नाव कुठेच राहणार नाही. मला म्हणाली, “खलास.” एवढंच. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दुपारी चेनबाई यादी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. लानच्या नावावर बोट ठेवलं. “दोन लिहिलंय.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“खोड.”

मी खोडलं. एक केलं.

“पाकिटं दोन दे,” त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं. चेनबाईंनी खाली स्वतःच्या नावावर बोट नेलं. तिथे एक लिहिलेलं होतं. “हे बरोबर आहे. राहू दे. दुसऱ्याचे दिवस राहिले तेव्हा मी नियम पाळला.”

आणि त्या नेहमीसारख्या ताठ चालत लाइनवर गेल्या.

*

शुक्रवारी लान फोन कार्ड घेऊन बूथवर जायची. कधी मीही बरोबर असायची. महिन्यातून एकदा नवरा मिनला घेऊन खेड्यात जायचा, त्या दिवशी दोघी मुली फोनवर यायच्या. मोठी आई म्हणायची. धाकटी आत्या म्हणायची. धाकटीला सांगितलं नव्हतं, लहान आहे, शाळेत बोलून बसेल.

लान काच धरून उभी असायची. बाहेरून मला एवढंच दिसायचं की मोठीशी बोलताना ती भराभर बोलते आणि धाकटीशी बोलताना नुसती ऐकते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने मास्तरांनाही निंगबद्दल सांगितलं. मास्तर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “माझा तरी काय वेगळा आसा गो?”

मास्तरांच्या व्हिसावर बायको-मुलांना आणायची परवानगी नव्हती. आमच्या मिस्टरांच्या व्हिसावर होती, म्हणून रीना माझ्याजवळ. तेवढाच फरक. मास्तर दोन वर्षांनी एकदा घरी जायचे. गेल्या खेपेला ते मुलाला शाळेत सोडायला गेले. दारात शाळेतल्या बाईंनी मुलाला विचारलं, “कोण रे हे?”

“आणि माझो झील सांगता कसो,” मास्तर म्हणाले, “हे? हे मस्कतवाले.”

आम्ही हसलो. मास्तरही हसले. लानला मी अर्थ सांगितला तेव्हा ती मात्र हसली नाही. तिने मास्तरांच्या पुढ्यात एक सोललेलं संत्रं ठेवलं.

*

पाच वर्षं गेली. मग एकापाठोपाठ एक दोन गोष्टी झाल्या.

पहिली, आमच्या ऑर्डरी तुटल्या. मॅनेजरने सांगितलं, कुठल्या देशाने किती शर्ट पाठवायचे याचा जगभर नियम होता, तो उठला. आता गिऱ्हाईक सरळ चीनला ऑर्डर देणार, ओमानला कशाला येईल? तीन शेडमधली दोन बंद झाली. चिनी बायकांना परत पाठवायचं ठरलं.

लान म्हणाली, “बघ जेजे, माझं काम माझ्या आधी घरी पोचलं.”

दुसरी, तिच्या नवऱ्याचं पत्र आलं. तिथे आता पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. दंड भरला की लपवलेल्या मुलांची नावं लावून घेत होते. नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून स्वतःचा ट्रक घेतला होता, त्यामुळे कोणी काही काढून घेऊ शकत नव्हतं. निंग बारा वर्षांची झाली होती. नाव शहरात आलं तर शहरातल्या शाळेत जाईल, बहिणीजवळ राहील. कागद तयार होते. आईने मस्कतच्या चिनी वकिलातीत जाऊन समोर सही करायची, एवढंच राहिलं होतं.

त्या दिवशी लान टेबलाटेबलावर जाऊन दोन बोटं दाखवत फिरली. “टू. माय डॉटर, टू.” ज्यांना माहीत होतं त्यांनाही सांगितलं. चेनबाईंनाही सांगितलं. मास्तरांनी कॅन्टीनमधून सगळ्यांना चहा मागवला.

मेचं सुट्टीत लग्न झालं होतं. मास्तर तिला म्हणाले, “आता तुजोय नियम सुटलो मां? दोन कर.”

ते खरं होतं. नवरा-बायको दोघंही एकुलते असतील तर त्यांना दोन चालत होती. मेचा नवरा एकुलता, ती एकुलती.

मे म्हणाली, “चालतात. पण दोन मुलांचं घर कसं असतं ते आम्हा दोघांना माहीत नाही. कोणाला विचारायचं?”

मास्तर म्हणाले, “माका विचार.”

“तुम्ही तर घरी नसताच,” मे म्हणाली.

*

आता शेवटचं सांगते.

वकिलातीत जायचं होतं शनिवारी, तिथे सुट्टी शुक्रवारची. कॅम्पवरून सकाळी लवकर निघणं कठीण, म्हणून लान शुक्रवारी आमच्याकडे अझैबाला राहायला आली. मॅनेजरने आम्हा दोघींना अर्धा दिवस सुट्टी दिली होती. कागद तिने रीनाच्या शाळेच्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये घातले होते, चुरगळू नयेत म्हणून.

दुपारी आम्ही सायबर कॅफेत गेलो. तेव्हा कॅमेऱ्यावर बोलायची सोय नवीन होती. तिच्या नवऱ्याने ठरवलं होतं की आज दोघी मुलींना आणि भाऊ-वहिनीला तालुक्याच्या गावातल्या कॅफेत आणायचं आणि निंगला सांगायचं. सांगायचं लानने स्वतः. काय बोलायचं ते वाक्य तिने बसमध्ये मला चार वेळा म्हणून दाखवलं. मला चिनी कळत नाही, पण चौथ्या वेळेपर्यंत मलाही पाठ झालं होतं. अर्थ तिने सांगितला होता. ‘निंग, मी तुझी आत्या नाही. मी तुला जन्म दिला.’

स्क्रीनवर माणसं जराशी हलायची आणि थांबायची. पुढे दोन मुली बसलेल्या. मागे नवरा आणि भाऊ. वहिनी अगदी कडेला उभी, अर्धी चित्राबाहेर. तिला आज काय होणार ते माहीत होतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून होती. लान तिच्याकडे बघत होती की निंगकडे, ते मला कळलं नाही.

मोठी आधी बोलली. मग निंग पुढे सरकली. लान मला मधे मधे सांगत होती.

निंग म्हणाली, “आत्या, तू येणार ना? येताना आईसाठी गुडघ्याचे पट्टे आण. आईला जिना चढवत नाही. मी माप घेतलंय.”

आणि तिने खिशातून एक दोरा काढला. दोन टोकं दोन हातांत धरून कॅमेऱ्यासमोर ताणला. दोऱ्याला दोन ठिकाणी गाठ मारलेली होती.

लानचं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मग तिने विचारलं, “गुडघा वाकवून घेतलंस की सरळ?”

“दोन्ही. ही गाठ सरळची, ही वाकवल्यावरची.”

“कपड्यावरून?”

“नाही, आई झोपली होती तेव्हा घेतलं. जागी असली की पाय ओढून घेते. म्हणते, कशाला आत्याला त्रास.”

मागे वहिनीने तोंड फिरवलं. चित्रात आता तिचा खांदाच दिसत होता.

“किती भरलं?” लानने विचारलं.

“सरळ छत्तीस सेंटीमीटर. वाकवल्यावर अडतीस.”

“बरोबर घेतलंस,” लान म्हणाली. “आम्ही पण असंच घेतो.”

निंग खूश झाली. बहिणीला कोपराने ढोसलं.

नवरा मागून लानकडे बघत होता. त्याने मान हलवली, म्हणजे सांग आता. भावाने खाली बघितलं. मीही लानच्या ओठांकडे बघत होते. ते वाक्य माझ्यासुद्धा जिभेवर आलं होतं.

लानने निंगला काहीतरी विचारलं. तेवढं तिने मला सांगितलं नाही. निंगने लांबलचक उत्तर दिलं, हात हलवून, हसून. मागे वळून वहिनीचा हात ओढून तिला चित्रात आणलं, आणि तिच्या पोटाला डोकं टेकवून बसली.

“टाइम खलास,” लान स्क्रीनकडे बघून म्हणाली. आधी हिंदीत, मग त्यांच्या भाषेत.

कोपऱ्यातल्या घड्याळात आमची अजून वीस मिनिटं शिल्लक होती.

घरी येऊन तिने रीनाचा इस्त्रीचा ढीग संपवला. जेवताना मिस्टरांनी विचारलं, सकाळी टॅक्सी किती वाजता सांगू? लान म्हणाली, इन्शाल्ला, सकाळी बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अझैबाचं मेडिकल उघडल्यावर लानने गुडघ्याचे दोन पट्टे घेतले, टेप लावून दोनदा मोजले, आणि वकिलातीला न जाता तिथूनच आम्ही कंपनीची बस पकडून कामावर गेलो.